हातातली हँडी आणि लांबचा पल्ला : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी रेडिओच्या, परवान्याबद्दल लिहिलं होतं, त्यानंतर आलेले बरेचसे प्रश्न फिरून फिरून एकाच गोष्टीवर येतात, की ही छोटी हँडी, म्हणजे हातात मावणारा वॉकी-टॉकीसारखा सेट, घेऊन बाहेर पडलं तर किती लांब बोलता येईल. त्यातले काही इथे घेतलेत.

प्रश्न : परवाना मिळून चार महिने झाले, ५ वॉटची हँडी आहे. घरातून तीन-चार किलोमीटरच्या पुढे कुणी ऐकत नाही. मित्र म्हणतो ५० वॉटचा सेट घे, मी म्हणतो आधी टेकडीवर जाऊन बघू. कोणाचं बरोबर?

उत्तर : तुमचं. हँडी ज्या व्हीएचएफ-यूएचएफ या उच्च फ्रीक्वेन्सीच्या बँडवर चालते त्या लहरी साधारण सरळ जातात, जमिनीच्या गोलाईला वळसा घालून फार पुढे जात नाहीत, त्यामुळे अँटेनाला जितकं क्षितिज दिसतं तितकाच तुमचा पल्ला, फार तर थोडा जास्त. हिशोब सोपा आहे बघा, अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि ४.१ ने गुणा, आलं ते किलोमीटर. जमिनीवर उभा माणूस हँडी तोंडाशी धरतो म्हणजे दीड मीटर, पल्ला ५ किलोमीटर, समोरचाही तसाच उभा असेल तर त्याचे ५, झाले १०, आणि मधे इमारती असतील तर तेवढेही नाहीत. आता आजूबाजूच्या सपाटीपासून ४०० मीटर वर चढा. ४०० चं वर्गमूळ २०, म्हणजे एकदम ८२ किलोमीटर, आणि समोरचाही तेवढ्याच उंचीवर असेल तर १६० च्या वर! सेट तोच, बॅटरी तीच.

५ चे ५० वॉट केले तर ताकद १० डेसिबलने वाढते. एस-मीटरवर, म्हणजे आलेल्या सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मापकावर, एक एस-युनिट म्हणजे ६ डेसिबल धरतात, म्हणजे समोरच्याला फरक पावणेदोन एस-युनिटचासुद्धा नाही. काठावर पुसट येणारं स्टेशन त्याने स्पष्ट होईल हे खरं, पण क्षितिजाआड असलेल्याला ते फारसं उपयोगी नाही. आणि तुम्ही ५० वॉटने ओरडलात तरी समोरच्या ५ वॉटवाल्याचं उत्तर तुम्हाला आधीइतकंच बारीक येणार.

दुसरी गोष्ट अँटेना, आणि याबद्दल मी कितीही वेळा लिहायला तयार आहे. हँडीसोबत येणारा आखूड रबरी अँटेना खिशात मावावा म्हणून बनवलेला असतो, लांब बोलावं म्हणून नाही. दोन मीटर बँडसाठी, म्हणजे साधारण दोन मीटर लांबीच्या लहरींसाठी, पाव लहरीचा (लहरीच्या लांबीच्या चौथ्या भागाएवढा) अँटेना साधारण ४९ सेंटिमीटर लागतो. तो लावा आणि तेवढ्याच लांबीची एक वायर अँटेनाच्या कनेक्टरच्या बाहेरच्या, म्हणजे ग्राउंडच्या बाजूला अडकवून खाली लोंबकळत सोडा. हिला टायगर टेल म्हणतात, एवढीशी वायर पण फरक लगेच कळतो, कारण पाव लहरीच्या अँटेनाला दुसरा अर्धा भाग हवाच असतो आणि हँडीची छोटी बॉडी तो नीट पुरवू शकत नाही. अर्ध्या लहरीचा टेलिस्कोपिक अँटेनाही चांगला, जवळजवळ मीटरभर लांब होतो, फक्त तो वाऱ्यात हलला की हँडीच्या बारीक कनेक्टरवर ताण येतो, तेव्हा जपून. त्याच्याही पुढे जायचं तर तीन एलिमेंटचा, म्हणजे एका दांड्यावर तीन समांतर काड्या असलेला, यागी अँटेना. स्टीलची मेजरिंग टेप कापून आणि पीव्हीसी पाइपवर बसवून लोक घरी बनवतात, तो एका दिशेला ताकद तीनेक पट करतो, आणि ऐकतानाही तेवढाच कामी येतो! एफएमवर बोलताना त्याचे एलिमेंट उभे धरा, आडवे धरले तर सिग्नल इतका पडतो की यागी बनवल्याचा सगळा फायदाच गेला.

प्रश्न : तीन तास चढून डोंगरमाथ्यावर गेलो तर रेडिओ जवळजवळ मुका. उतरताना अर्ध्या वाटेत मात्र दोन स्टेशन छान मिळाली. असं उलटं कसं?

उत्तर : वर टॉवर होते ना? माझंही असंच झालं होतं, अख्खी सकाळ सीक्यू, म्हणजे 'कुणी आहे का' अशी सगळ्यांना साद, देत बसलो आणि नंतर कळलं की लोक उत्तर देत होते, मलाच ऐकू येत नव्हतं. स्वस्त हँडीचा रिसीव्हर सगळ्या बाजूंनी उघडा असतो, शेजारी प्रसारणाचा जोरदार ट्रान्समीटर असला की तो त्यातच दबून जातो आणि बारीक सिग्नल बुडतात. ओळखायची एक खूण आहे, चांगला अँटेना काढून रबरी लावल्यावर जर जास्त ऐकू यायला लागलं तर हाच प्रकार समजा. उपाय म्हणजे टॉवरच्या विरुद्ध उतारावर थोडं खाली सरकायचं, मधे खडक येऊ द्यायचा, किंवा फक्त आपल्या बँडचे सिग्नल आत सोडणारा बँडपास फिल्टर लावायचा. समिट्स ऑन द एअर हा २००२ पासून चालणारा उपक्रम आहे ना, ज्यात शिखरावरून संपर्क करून गुण मिळवतात, त्यातसुद्धा माथ्यापासून २५ मीटर उंचीच्या फरकाच्या आत राहिलात तर चालतं, तेव्हा थोडं खाली उतरल्याने काही बिघडत नाही.

प्रश्न : रिपीटरवरून झालेला संपर्क समिट्स ऑन द एअरमध्ये धरतात का?

उत्तर : जमिनीवरच्या रिपीटरचा, म्हणजे आपला सिग्नल घेऊन तो पुन्हा जोरात पाठवणाऱ्या स्टेशनचा, नाही. थेट झालेलेच धरतात, गुणांसाठी निदान चार लागतात.

प्रश्न : एकदा पहाटे दोन-अडीचशे किलोमीटरवरचा रिपीटर माझ्या हँडीवर आला, अर्ध्या तासात गेला, परत कधीच नाही. हे काय होतं?

उत्तर : बहुतेक डक्टिंग. शांत रात्रीनंतर जमिनीलगत थंड हवा आणि वर उबदार थर अशी उलटी रचना होते, आणि त्यात लहरी बोगद्यात शिरल्यासारख्या अडकून क्षितिजापलीकडे जातात. समुद्रावर हे फार मोठ्या प्रमाणात होतं, १९५७ मध्ये कॅलिफोर्निया आणि हवाई यांच्यात दोन मीटरवर असा संपर्क झाला होता, ४००० किलोमीटरचा, अर्थात हँडीपेक्षा पुष्कळ मोठ्या सेटअपवर. गंमत म्हणजे अशा वेळी उंच शिखर उपयोगाचं नसेलही, कारण तो थर तुमच्या पायाखाली राहतो. ऊन चढलं की संपलं, म्हणून पहाटे ऐकत राहायचं, दुसरा मार्ग नाही.

प्रश्न : हँडीवरून अंतराळ स्थानकाचा रिपीटर खरंच लागतो का?

उत्तर : लागतो, आणि त्याचा आनंद मला शब्दात सांगता येणार नाही. स्थानक साधारण ४०० किलोमीटर उंचीवर आहे, तिथून खालची दोन हजार किलोमीटरवरची माणसंसुद्धा त्याला 'दिसतात', मधे डोंगर नाही इमारत नाही, म्हणून ५ वॉट पुरतात. पाठवायचं १४५.९९० मेगाहर्ट्झवर, ६७ हर्ट्झचा टोन (रिपीटर उघडणारा बारीक सूर) लावून, आणि ऐकायचं ४३७.८०० वर. पण डॉप्लरमुळे, म्हणजे स्थानकाच्या वेगामुळे, ऐकण्याची फ्रीक्वेन्सी सुरुवातीला १० किलोहर्ट्झ वर असते आणि स्थानक दूर जाताना तेवढीच खाली जाते, तेव्हा ४३७.८१० पासून ४३७.७९० पर्यंत पाच-पाच किलोहर्ट्झच्या अंतराने मेमरी भरून ठेवा आणि पुढे सरकत जा. स्क्वेल्च, म्हणजे सिग्नल नसताना खरखर बंद ठेवणारी सोय, पूर्ण उघडा. यागी स्थानकाकडे रोखा, आणि आवाज विरला की मनगट वळवून बघा, कारण पोलरायझेशन, म्हणजे लहरीची उभी-आडवी दिशा, सारखं फिरत असतं. रिपीटर कधीकधी बंद असतो, त्यामुळे आधी तो ऐकू आल्याशिवाय कॉल देऊ नका. डोक्यावरून जाणारी चांगली फेरीसुद्धा दहा मिनिटांचीच असते आणि बोलायला सगळे टपलेले असतात, म्हणून कॉलसाइन (परवान्यासोबत मिळालेलं तुमचं रेडिओवरचं नाव) आणि ग्रिड (तुमच्या जागेचा नकाशावरचा कोड) सांगायचं, बास. एका हातात अँटेना आणि दुसऱ्यात हँडी असताना वहीत लिहिता येत नाही, फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि घरी आल्यावर ऐकून लॉग भरा.