जिना चढताना छाती भरून येते, पण ईसीजी नॉर्मल आहे. हृदयविकार नसेल ना?

तुम्ही लिहिलंय की जिना चढताना छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं, थांबलात की दोन-तीन मिनिटांत जातं, आणि ईसीजी नॉर्मल आल्यामुळे घरच्यांनी ते पित्त ठरवून टाकलंय. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे. असाच नॉर्मल ईसीजी खिशात घालून मी चार महिने निर्धास्त फिरलो, म्हणून लिहितोय.

ईसीजी तुम्हाला झोपवून काढतात. तेव्हा हृदयाला काम कमी असतं, त्यामुळे हृदयाला रक्त पुरवणारी धमनी चांगलीच अरुंद झालेली असली तरी रक्त पुरतं आणि कागदावर काही उमटत नाही. जिना चढताना मागणी वाढते, पुरवठा मात्र तेवढाच राहतो, आणि हृदयाचा स्नायू कुरकुरतो. हाच अंजायना. श्रमाने यायचं आणि थांबलं की जायचं, ही त्याची खूणच. विल्यम हेबर्डेन या इंग्रज डॉक्टरने १७६८ मध्ये हे वर्णन केलं, ते नुसतं पेशंटचं ऐकून. तेव्हा ईसीजीचं यंत्र यायला शंभराहून जास्त वर्षं होती.

दुखणं डाव्या बाजूलाच हवं असंही नाही. मला जबड्यात ओढ लागायची, मी आधी दातांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो (हसू नका). मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना कधीकधी नुसता दम लागतो.

तेव्हा हृदयरोगतज्ज्ञांना गाठा आणि जे इथे लिहिलंत ते जसंच्या तसं सांगा. ते स्ट्रेस टेस्ट (ट्रेडमिलवर चालवत काढलेला ईसीजी) किंवा सीटी अँजिओग्राफी (हृदयाच्या धमन्यांचा स्कॅन) करायला सांगतील. ट्रेडमिलवर माझा सहाव्या मिनिटालाच निकाल लागला आणि पुढे एक स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी बारीक जाळीची नळी, पडला. सगळ्यांना तो लागतोच असं नाही. स्थिर अंजायना, म्हणजे ठरावीक श्रमानेच येणारा आणि न वाढणारा, पुष्कळदा गोळ्यांवर आटोक्यात राहतो. आणि स्टेंट टाकला तरी एकच अडलेली जागा मोकळी होते, रोग जात नाही. कोलेस्टेरॉलची आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी मला चालूच आहे. सिगारेट सुटली, ती मात्र सगळ्यात जड गेली.

बसल्याजागी दुखलं, घाम फुटला, थांबूनही पाच मिनिटांत कमी झालं नाही, तर अँब्युलन्स बोलवा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

एक विचारायचं राहिलं. पूर्वी तिसऱ्या मजल्यावर व्हायचं ते आता पहिल्यावरच होतं का? तसं असेल तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, आजच इमर्जन्सीत जा.