रेझिस्टिव्हिटी लॉगच्या दुरुस्त्या: वाचकांचे प्रश्न

रेझिस्टिव्हिटी लॉग म्हणजे तेलविहिरीत टूल (मोजणारे उपकरण) उतरवून खडकांच्या थरांचा विद्युतरोध खोलीनुसार नोंदवणारा आलेख. थराच्या खऱ्या आकड्यापर्यंत पोहोचायला वाचनात दुरुस्त्या कराव्या लागतात.

लॉगच्या हेडरवर (सुरुवातीच्या माहितीपट्टीवर) दिलेली मडची (विहीर खोदताना वापरलेल्या द्रवाची) रेझिस्टिव्हिटी संपूर्ण विहिरीसाठी वापरली तर चालेल का?

चालणार नाही. तो आकडा वर जमिनीवर, नमुना मोजतानाच्या तापमानाचा असतो. खाली तापमान वाढते तशी रेझिस्टिव्हिटी उतरते. आर्प्सच्या सूत्रानुसार दोन्ही सेल्सिअस तापमानांत २१.५ मिळवा, जुन्याला नव्याने भागा आणि त्या गुणोत्तराने आकड्याला गुणा. २५ अंशांना १ ओहम-मीटर असलेले मड फिल्ट्रेट (मडमधून गाळून थरात शिरणारा द्रव) ९५ अंशांना सुमारे ०.४ भरते. थराच्या वाचनाला मात्र हे सूत्र लावू नका. ते मुळात थराच्याच तापमानाला घेतलेले असते. नवशिके नेमके इथेच घसरतात.

बोअरहोल (विहिरीचे छिद्र), शेजारचे थर आणि इन्व्हेजन (थरात फिल्ट्रेट शिरणे): दुरुस्त्यांचा क्रम बदलला तर बिघडते का?

बिघडते. आधी बोअरहोल, मग शेजारचे थर, शेवटी इन्व्हेजन. इन्व्हेजनच्या दुरुस्तीचा टॉर्नेडो चार्ट थरात खोल, मध्यम आणि उथळ पोहोचणाऱ्या वाचनांच्या गुणोत्तरांवर चालतो, त्यामुळे आधीची प्रत्येक चूक त्यात उतरते. शिवाय तिथे मोजमापे तीन आणि अज्ञातेही तीनच: खरी रेझिस्टिव्हिटी, फिल्ट्रेट शिरलेल्या भागाची रेझिस्टिव्हिटी आणि त्या भागाचा व्यास. बिंदू चार्टवर बसला की उत्तर मिळतेच, पण ते पडताळायला चौथे वाचन नसते. बिंदू चार्टबाहेर पडला तर ओढूनताणून आत बसवू नका, आधीच्या पायऱ्या तपासा.

पातळ थरांत सर्वाधिक नुकसान होते. शेलमध्ये (चिकणमातीच्या खडकात) अडकलेला तेलाचा पातळ वाळूथर खऱ्यापेक्षा बराच कमी आकडा दाखवतो. रेझिस्टिव्हिटीवरून पाण्याची संपृक्तता (खडकाच्या छिद्रांतील पाण्याचा वाटा) काढणाऱ्या आर्चीच्या सूत्रात संपृक्तता घातांक २ धरला आणि रेझिस्टिव्हिटी चौपटीने कमी वाचली गेली, तर पाण्याची संपृक्तता दुप्पट येते. ४० टक्क्यांचे ८० टक्के झाले की चांगला थर ‘पाण्याचा’ म्हणून सोडून दिला जातो.

मड खारट होते, तरी इंडक्शन टूल चालवले. वाचन सुधारता येईल?

थोडेफार. इंडक्शन वाहकता (रेझिस्टिव्हिटीचा व्यस्त) मोजते, म्हणून खारट मडचा वाटा त्यात ठळक येतो. टूलची चूक मीटरला २ मिलिसीमेन्स धरा: १० ओहम-मीटरच्या थरात ती २ टक्के, २०० ओहम-मीटरच्या थरात ४० टक्के. अशा विहिरीत लॅटेरोलॉगच (थरात वीजप्रवाह सोडून मोजणारे टूल) हवा होता.

मग लॅटेरोलॉग सगळीकडेच का वापरू नये?

त्याला विहिरीतून थरापर्यंत वीजप्रवाह न्यावा लागतो. तेलाधारित मडमधून तो जात नाही.

कंपनीकडून आलेला कर्व्ह (लॉगवरील वाचनांची रेघ) आधीच दुरुस्त केलेला असेल तर?

कर्व्हचे नाव आणि हेडरमधील शेरे वाचा. संदिग्ध असेल तर मूळ कर्व्ह मागवून घ्या. तीच दुरुस्ती दोनदा झाली, तर आलेखाकडे नुसते पाहून ते ओळखू येत नाही.