ड्राइव्ह ‘फॉरमॅट करा’ म्हणत असेल तर थांबा, आणि मेलही पुसू नका

दादा, तुमची अडचण वाचली आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. १ टीबीचा ड्राइव्ह लावला की विंडोज ‘वापरण्याआधी फॉरमॅट करा’ म्हणतं, कधीकधी आतून टक्-टक् आवाज येतो, त्यात वडिलांच्या भजनांच्या रेकॉर्डिंग आणि बहिणीच्या लग्नाचे फोटो आहेत, दुसरीकडे प्रत नाही. दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारू, मग सॉफ्टवेअरनं काढून देतो. आणि शेवटी एका ओळीत तुम्ही लिहिलंय की जीमेल भरलं म्हणून गेल्या आठवड्यात मोठमोठे जुने मेल पुसले, अजून पुसायचेत. तुम्हाला या दोन वेगळ्या अडचणी वाटतायत. माझ्या अनुभवानं ती एकच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी सांगते, मी कॉम्प्युटर इंजिनिअर नाही. जॅकार्डच्या चादरींची डिझाइनं करते, घरूनच, जुळे सोलापुरात. सासरे ग्राफ पेपरवर एकेक चौकोन रंगवून डिझाइन काढायचे, मी तेच कॉम्प्युटरवर करते. त्यांचे जुने ग्राफ स्कॅन करून आणि माझी सतरा वर्षांची कामं एकाच पोर्टेबल ड्राइव्हवर ठेवली होती. त्याला मी बॅकअप म्हणायची. कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून मूळ फाइली तिथून काढून टाकल्या होत्या, म्हणजे तो बॅकअप नव्हताच, एकुलती एक प्रत होती. तुमचंही तसंच झालंय असं दिसतंय.

केबल बदला, पीसीच्या पुढच्या पोर्टऐवजी मागच्या पोर्टला लावा, हे तुम्ही करून पाहिलंच असेल. नसेल तर एकदा करा. पुढचं पोर्ट पातळ वायरीनं बोर्डाला जोडलेलं असतं आणि ड्राइव्हला वीज कमी पडू शकते. पण टक्-टक् येत असेल तर तेवढंही करू नका. सरळ काढून ठेवा.

आता माझी चूक. एप्रिलचे दिवस, संध्याकाळी लाइट दोनदा जाऊन आलेली. ड्राइव्ह लावला तर फोल्डर उघडायला मिनिटमिनिट लागायला लागलं. विंडोजनं विचारलं, ड्राइव्हमध्ये अडचण आहे, तपासून दुरुस्त करू का? मी हो म्हटलं. दुरुस्ती म्हणतोय, म्हणजे चांगलंच करणार, असं वाटलं. तपासणीचा आकडा अकरा टक्क्यांवर अडकला. रात्री दोनला उठून पाहिलं तरी अकरा. ड्राइव्हला हात लावला तर चहाच्या पेल्यासारखा गरम. तरी मी बंद केलं नाही, मधेच थांबवलं तर बिघडेल या भीतीनं. पहाटे ते संपलं. उघडून पाहिलं तर सासऱ्यांच्या नावाचा फोल्डर नाही. त्याच्या जागी ‘फाउंड’ नावाचा एक फोल्डर आणि आत नावगाव नसलेल्या, सीएचके शेपटीच्या हजारो फाइली.

हे का होतं ते मला नंतर कळलं. विंडोजच्या त्या दुरुस्तीचं नाव चेकडिस्क, आणि तिचं काम फाइली वाचवणं हे नाही. ड्राइव्हची यादी, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे त्याची नोंदवही, एकसंध करणं हे तिचं काम. नोंदवहीचं पान वाचता येत नसेल तर ते पान खराब समजून काढून टाकतं. यादी नीट होते, फाइली अनाथ होतात. ड्राइव्ह सुदृढ असेल, नुसती लाइट गेल्यामुळे नोंद विस्कटली असेल, तर चेकडिस्क चांगलं काम करतं, मीही आजही वापरते. पण ड्राइव्हचा पृष्ठभागच मरायला लागला असेल तर तेच सगळ्यात घातक. ते त्याच ड्राइव्हवर लिहितं, आणि मरू घातलेल्या ड्राइव्हला रात्रभर पळवतं.

त्या अनाथ फाइलींतल्या काहींचं शेपूट बदलून मी बीएमपी, म्हणजे चित्राच्या फाइलीचं, केलं आणि उघडून पाहिलं. बीएमपी फाइल साधारणपणे खालच्या ओळीपासून वर अशी साठवलेली असते. त्यामुळे चित्रात खालची किनार अगदी स्वच्छ, मोराचे पाय दिसतायत, आणि वर सगळा राखाडी कचरा. अशी एक नाही, शेकडो. किनार आहे आणि चादर नाही. ते पाहून मी बराच वेळ नुसती बसून राहिले.

तुमच्या दुकानदाराचं फॉरमॅटही याच जातीचं आहे. क्विक फॉरमॅटनं यादी कोरी होते आणि पुष्कळदा माल मागे उरतो, हे खरं. पण ती ‘क्विक’ची खूण चुकून निघाली तर व्हिस्टापासून पुढचं विंडोज सगळ्या ड्राइव्हवर शून्यं लिहितं, मग जगात कोणी काढून देऊ शकत नाही. आणि मुळात फॉरमॅट न करताही तीच सॉफ्टवेअरं फाइली शोधतात, तर आधी फॉरमॅट कशासाठी? हा प्रश्न त्याला विचारा.

माझा दुसरा धडाही दुकानातलाच. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. ड्राइव्ह दिला, पावती नाही, अंदाजपत्रक नाही. रोज ‘उद्या या ताई’. तेवीस दिवस. शेवटी गेले तर काउंटरवर, डोक्यावर पंखा फिरतोय, आणि माझ्या ड्राइव्हचं झाकण उघडं. आतल्या आरशासारख्या तबकडीवर बोटाचा ठसा मला दिसला. म्हणाला, बघत होतो आत काय झालंय. दादा, त्या तबकडीपासून वाचणारं हेड काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं. धुळीचा कण त्याच्यापुढे डोंगर. सोलापूरच्या एप्रिलमध्ये, रस्त्यालगतच्या दुकानात, तिथे झाकण उघडायचंच नसतं. त्याला माहीत नव्हतं हा गुन्हा नाही. माहीत नाही हे त्यानं सांगितलं नाही, याचा मला आजही राग आहे. नंतर बिघडलेल्या ड्राइव्हमधून फाइली काढणाऱ्या ज्या लॅबला दाखवलं त्यांनी तबकडीवर ओरखडे असल्याचं सांगून तसाच परत केला.

म्हणून कोणाकडेही देण्याआधी विचारा: तुम्ही स्वतः करता की बाहेर पाठवता? उघडायची वेळ आली तर क्लीन रूम, म्हणजे धूळ नसलेली खोली, आहे का? फाइलींची यादी आधी दाखवाल का? काही निघालं नाही तर पैसे किती? आणि ‘न विचारता उघडणार नाही’ हे पावतीवर लिहून घ्या. जो लिहून देत नाही त्याच्याकडून उठा.

आता तुमच्या ड्राइव्हचं. आवाज दर वेळी येत असेल तर पुढचा परिच्छेद सोडून द्या, घरी काही करू नका, चांगल्या लॅबसाठी पैसे साठवा. भजनं मोलाची असतील तर तोच खर्च योग्य.

आवाज एखाद्याच वेळी आला असेल, किंवा तो ड्राइव्हचा नसून टेबलाचा असेल, तर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर लावून फक्त तब्येत बघा. ‘करंट पेंडिंग सेक्टर’च्या (वाचायला अडलेल्या तुकड्यांच्या) रांगेत शून्याखेरीज काही दिसलं तर ड्राइव्हला वाचताना अडतंय. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये गेलात आणि त्यानं ‘इनिशियलाइझ’ (नव्यानं मांडणी) करू का विचारलं तर नाही म्हणा. मग सारखा किंवा मोठा नवा ड्राइव्ह आणा आणि लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून (विंडोजऐवजी त्यावरून कॉम्प्युटर सुरू करून) डीडीरेस्क्यू या सॉफ्टवेअरनं आख्ख्या ड्राइव्हची प्रत काढा. ते आधी सोपे भाग उचलतं, अडलेले भाग मागे ठेवतं, आणि कुठवर आलो ते मॅप फाइलमध्ये लिहून ठेवतं. आपल्याकडे लाइटचा भरवसा नाही, तेव्हा ही मॅप फाइल फार कामाची, तुटलं तिथून पुढे सुरू होतं. एकच जपा: मूळ कोणता आणि नवा कोणता हे आज्ञेत उलटं लिहिलं तर कोरा ड्राइव्ह भरलेल्यावर उतरेल. दोन माणसांनी वाचून मगच एंटर दाबा. मूळ ड्राइव्ह त्यानंतर कपाटात. टेस्टडिस्क, फोटोरेक अशी फाइली शोधणारी सॉफ्टवेअरं जी काय चालवायची ती प्रतीवर. फोटोरेक फाइलींची मूळ नावं परत देत नाही, पण भजनं ऐकून ओळखता येतील.

हे सगळं पहाटे करा. बऱ्याच पोर्टेबल ड्राइव्हच्या कागदावर वापरायचं तापमान ५ ते ३५ अंश छापलेलं असतं. आपल्या पत्र्याखालच्या खोलीत मे महिन्यात ते सकाळी दहालाच ओलांडतं. मी ड्राइव्ह शहाबादी फरशीवर ठेवते, उशीवर किंवा चादरीवर कधीच नाही. कोणीतरी फ्रीजमध्ये ठेवायला सांगेल, ऐकू नका, बाहेर काढल्यावर आत दव धरतं.

आता मेल, ज्याच्यासाठी मुख्यतः लिहिते आहे.

माझ्या ड्राइव्हचं असं झाल्यावर मी म्हटलं, डिझाइनं तर गिऱ्हाइकांना मेलनंच पाठवलेली, ‘सेंट’मधून काढू. उघडलं तर रिकामं. आधीच्या दिवाळीत जागा भरली म्हणून मी सगळे मोठे मेल पुसले होते, ‘ड्राइव्हवर आहेच की’ म्हणून. त्याआधीचे मेल आउटलुकमध्ये पॉपनं, म्हणजे सर्व्हरवरून कॉम्प्युटरवर ओढून घ्यायच्या पद्धतीनं, उतरवलेले, आणि सर्व्हरवर प्रत ठेवायची खूण तिथे केलेली नव्हती, म्हणजे ते सर्व्हरवरूनही गेलेले. आउटलुक हे मेल ज्या एका पीएसटी फाइलीत ठेवतं ती कुठे होती? त्याच ड्राइव्हवर.

मला वाचवलं ते अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या मुनीमजींनी. त्यांना मेल पुसता येत नव्हता. मी बिचकत फोन केला तर म्हणाले, “या की ताई, आम्ही काही काढलेलं नाही, सगळं तसंच आहे.” दुपारभर त्यांच्या शेजारी बसून एकशे बेचाळीस डिझाइनं उतरवून घेतली. त्यात सासऱ्यांच्या स्कॅनपैकी नऊ निघाले. बाकीचे गेले ते गेले. मूळ ग्राफ घर बदलताना वाळवीनं खाल्ले होते.

तेव्हा, तुमच्या वडिलांचं एखादं भजन तुम्ही भावाला, मामाला, भजनी मंडळातल्या कोणाला कधी मेलनं पाठवलं असेलच. लग्नाचे निवडक फोटो फोटोग्राफरनं पाठवले असतील. म्हणजे तुम्ही जे ‘मोठमोठे जुने मेल’ पुसताय तीच तुमची दुसरी प्रत आहे. जागेचं म्हणाल तर गुगलचे फुकट १५ जीबी एकट्या मेलचे नाहीत, गुगल ड्राइव्ह आणि फोटो त्यातच मोजतात, आणि १ जून २०२१ नंतर चढवलेले फोटो कमी दर्जाचे असले तरी बहुतेकांचे त्यात धरले जातात. बऱ्याचदा मेल थोडे असतात आणि जागा फोटोंनी खाल्लेली असते. म्हणून आधी महिन्याभराची जादा जागा विकत घ्या. पैसे वाया गेले असं वाटलं तरी घ्या. भरलेल्या खात्यात नवे मेल येत नाहीत, पाठवणाऱ्याकडे परत जातात, म्हणजे भावानं एखादं भजन परत पाठवलं तरी तुम्हाला मिळणार नाही. मग गुगल टेकआउटमधून (आपला माल उतरवून घ्यायची गुगलचीच सोय) सगळे मेल उतरवून घ्या, आणि नंतर काय पुसायचं ते पुसा. जुन्या कॉम्प्युटरवर आउटलुक असेल तर डॉक्युमेंट्समध्ये पीएसटी फाइल पडलीय का तेही पाहा.

थोडं विषय सोडून: विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली म्हणून हल्ली बरेच जण नवं विंडोज टाकून घेतायत. नव्या मशीनमध्ये आतली डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असू शकते. तिची ४८ आकडी रिकव्हरी की, म्हणजे कुलूप उघडायची किल्ली, मायक्रोसॉफ्टच्या खात्यात आहे का ते बघून कागदावर उतरवून ठेवा. दुकानातल्या मुलानं स्वतःच्या मेल आयडीवर खातं उघडून दिलेलं मी पाहिलंय, मग ती किल्ली त्याच्याकडे जाते.

पुढचं कसं ठेवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पीटर क्रोग या फोटोग्राफरनं ३-२-१ असा नियम सांगितला: तीन प्रती, दोन तऱ्हेच्या साधनांवर, एक घराबाहेर. क्लाउडचा नुसता सिंक, म्हणजे इथलं तिथे आपोआप सारखं ठेवणं, मी यात धरत नाही. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं, कोणी काही म्हणो. माझे दोन ड्राइव्ह आहेत, एक घरी, एक बहिणीकडे सात रस्त्याला. अमावास्येला मागाला नारळ फुटतो, त्याच दिवशी ते अदलाबदल करते, म्हणजे तारीख विसरत नाही. आणि दर वेळी कुठल्याही पाच फाइली उघडून पाहते, पूर्ण चित्र दिसेपर्यंत, किनारीवर न थांबता.

आवाज नक्की कसा येतो ते सांगा, म्हणजे पुढचं बोलता येईल. पण त्याच्याआधी, हे वाचून झाल्या झाल्या, जीमेलचं ‘ट्रॅश’ उघडा. पुसलेले मेल तिथे ३० दिवस राहतात. गेल्या आठवड्यात पुसलेत म्हणता, म्हणजे अजून आहेत. सगळे निवडा आणि इनबॉक्समध्ये परत हलवा.