चढताना काय नाही, उतरल्यावरच मांड्या का भरतात?

प्रश्न: डॉक्टर, मी आर्मी भरतीची तयारी करालोय. बेळगावात मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर, त्यामुळं आमच्याकडं पोरांना लहानपणापासनं तेच वेड. रविवारी राजहंसगड पळत चढलो, पळतच उतरलो. त्यादिवशी काहीच नाही, पण सोमवारी जिना उतरताना कठडा धरायची वेळ आली. दोस्त म्हणतोय लॅक्टिक ॲसिड साठलंय, चोळून काढ. खरं काय?
– एक वाचक, येळ्ळूर

उत्तर: दोस्ताला सांग, त्या ॲसिडवर उगंच आळ नको घेऊ, ते तास-दोन तासात निघून जातंय, सोमवारपर्यंत कुठलं राहायला!

आता मटणाचा शिजलेला तुकडा तोडला की दोरे सुटतात बघ, तसा एकेक दोरा म्हणजे स्नायूच्या तंतूंची जुडी, आणि त्यातला एक तंतू म्हणजे एकच पेशी, पण लांबलचक आणि आत केंद्रकं मात्र ढीगभर. त्या तंतूच्या आत आणखी बारीक धागे असतात, त्यांचे तुकडे पडलेले, एकेक साधारण 2 ते 2.5 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्याला सार्कोमिअर म्हणायचं. मायक्रोस्कोपखाली पट्टे दिसतात ते यांचेच. प्रत्येकात दोन प्रथिनांचे धागे, मायोसिनचे जाड आणि ॲक्टिनचे पातळ. मेंदूची ऑर्डर नसेतनं आली की आत कॅल्शियम सुटतं आणि मायोसिनची डोकी ॲक्टिनला धरून ओढायला लागतात. धागे स्वतः आखूड होत नाहीत, एकमेकांवरनं सरकतात. हे 1954 साली दोन वेगवेगळ्या टीमनी एकदमच मांडलं, दोन्हीकडं हक्सली आडनावाचा एकेक शास्त्रज्ञ, आणि गंमत म्हणजे दोघांचं नातं काहीच नाही!

आता विहिरीवर जा. घागर वर ओढताना हात दमतात, पण भरलेली घागर हळूहळू खाली सोडून बघ, दोर तळहातातनं सरकतो आणि कातडं सोलवटतं. गड उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूचं हेच होतंय, तो तुझं वजन आवरून धरतोय आणि त्याचवेळी ताणलाही जातोय, म्हणजे मायोसिन ओढतंय इकडं नि वजन खेचतंय तिकडं. त्या झटापटीत काही सार्कोमिअर जास्त ताणून फाटतात, मग सूज येते, आणि सूज यायला वेळ लागतो म्हणून दुखणं दुसऱ्या दिवशी. साधारण 24 ते 72 तास जोर असतो, मग आपोआप उतरतं. चढताना धाप लागते तेवढीच, हे नुकसान फार नाही.

चोळल्यानं बरं वाटेल, चोळ की, पण त्यानं फाटलेलं लगेच सांधत नाही. दोन-तीन दिवस नुसतं चाल, पळू नको. पुढच्या वेळी तोच उतार कमी दुखेल बघ, स्नायू एका मारातच शहाणा होतोय. पण लघवी काळ्या चहासारखी झाली किंवा मांडी टम्म सुजली तर घरी बसू नको, त्याच दिवशी दवाखाना गाठ, स्नायू जास्त फुटला की त्यातला माल रक्तात येऊन किडनीवर जातोय.