मनगट दुखतंय? आधी खुर्ची बघ

अरे, नवा माऊस मागवायची घाई नको. आधी खुर्ची वर घे. कोपर साधारण 90 अंशांत, मनगट सरळ. पाय लोंबकळले तर खाली पाट सरकव, आजीचा असेलच घरात. माऊस कीबोर्डला चिकटून हवा. नंबरपॅडमुळे तो लांब जातो आणि खांदा भरून येतो.

उभ्या माऊसवर हात हस्तांदोलनासारखा राहतो, पण तो पंजाच्या मापाचा हवा, म्हणून दुकानात धरून बघ. ट्रॅकबॉलने, म्हणजे माऊस न हलवता त्यावरचा गोळा फिरवायचा त्याने, मनगट फारसं हलत नाही. अंगठ्याचा घेतलास तर अंगठा दमतो. मी बोटांनी फिरवायचा घेतला.

आणि हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तासभर पिळलेला ॲक्सिलरेटर? तोही त्याच हाताने! रात्री अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होत असेल तर मात्र डॉक्टर गाठ.