पद्मिनीला पुन्हा डायनमो बसवण्याआधी अर्थची पट्टी तपासा

आपला प्रश्न असा आहे की, 1976 सालच्या प्रीमियर पद्मिनी गाडीचा डायनमो (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारे जुन्या पद्धतीचे यंत्र) काढून मारुतीचा ऑल्टरनेटर (त्याच कामाचे नव्या पद्धतीचे यंत्र) बसवल्यापासून दोन बॅटऱ्या गेल्या, रात्री हेडलाइट लावले की चार्जिंग पुरत नाही आणि मेकॅनिक ‘मूळचा डायनमोच परत बसवा’ असे सांगत आहेत, तर ते ऐकावे का. माझे स्पष्ट मत आहे की, अजिबात ऐकू नये. नेमका हाच सल्ला आमच्या घरात ठासून दिला गेला होता आणि त्यात चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा प्रकार होता, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आमच्याकडे वडिलांची त्याच काळातली पद्मिनी आहे. इंजिन उतरवून तिचे संपूर्ण डेंटिंग-पेंटिंग केले, त्याच वेळी हॅलोजन हेडलाइट, म्युझिक सिस्टिम आणि ऑल्टरनेटर बसवून घेतला. गाडी दिवसा उत्तम चालायची. रात्री मात्र खंबाटकीच्या चढावर वायपर आणि दिवे एकदम चालू असले की उजेड पिवळा पडायचा आणि सकाळी सेल मारला तर नुसता ‘टक्’ असा आवाज यायचा. इलेक्ट्रिशियनने आधी बॅटरी बदलली, मग चार्जिंगचा व्होल्टेज ठरवणारा रेग्युलेटर बदलला, मग ऑल्टरनेटरच बदलला. माझे थोरले बंधू तर पहिल्या दिवसापासून सांगत होते की, कंपनीच्या इंजिनिअरांनी विचार करूनच डायनमो दिला होता, त्याला हात लावला तिथेच बिघडले.

मी ती गाडी मल्टिमीटर घेऊन स्वतः तपासली. इंजिनचा वेग थोडा वाढवून हेडलाइट, ब्लोअर आणि वायपर चालू ठेवले. ऑल्टरनेटरचा मुख्य टर्मिनल आणि त्याचेच बॉडीचे लोखंड यांच्यामध्ये 14.3 व्होल्ट मिळाले, म्हणजे ऑल्टरनेटर आपले काम चोख करत होता. बॅटरीच्या दोन खुंट्यांवर मात्र 12.9 व्होल्टच होते. मधले 1.4 व्होल्ट वाटेत कुठेतरी गळत होते, आणि ऑल्टरनेटरचा रेग्युलेटर स्वतःच्या टर्मिनलवरचाच व्होल्टेज पाहत असल्यामुळे, बॅटरी उपाशी आहे हे त्याला कळण्याचा मार्गच नव्हता.

मग मीटरची एक पिन ऑल्टरनेटरच्या मुख्य टर्मिनलवर आणि दुसरी बॅटरीच्या प्लस खुंटीवर ठेवली तेव्हा 0.5 व्होल्ट आले. ऑल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनस खुंटीपर्यंत 0.9 व्होल्ट आले. दिवे चालू असताना प्लस बाजूला 0.3 आणि मायनस बाजूला 0.2 यापेक्षा जास्त घट असता कामा नये, असे मी मानतो. म्हणजे गुन्हेगार दोन होते, आणि मोठा मायनस, म्हणजे अर्थच्या बाजूचा होता.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे त्याचा बॉडीशी विजेचा संबंध केवळ एका विणलेल्या तांब्याच्या पट्टीने येतो, हीच अर्थची पट्टी. आमच्या गाडीत ती पट्टी होती, पण रंगाऱ्याने बॉडीवर प्रायमर आणि रंगाचे थर चढवले होते आणि बोल्ट त्या रंगावरच आवळलेला होता. वीज मग मिळेल त्या वाटेने परत जात होती. चोकच्या केबलचे प्लॅस्टिकचे आवरण एका जागी वितळून आतल्या तारेला चिकटले होते आणि सेल मारल्यावर ती केबल हाताला गरम लागत होती. चोक कडक झाला आहे अशी तक्रार घरात कधीपासून होत होती, पण तिचा बॅटरीशी संबंध कोणीच जोडला नव्हता. बोल्टखालचा रंग पत्रा चमकेपर्यंत खरवडला, नवी पट्टी लावली, वरून व्हॅसलिन फासले. मायनस बाजूची घट 0.1 वर आली.

प्लस बाजूला जुन्या कटआउटच्या (डायनमो आणि बॅटरी यांना जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) डबीचाच जोड म्हणून उपयोग करून, डायनमोसाठी असलेल्या बारीक वायरीतूनच ऑल्टरनेटरचा करंट फिरवलेला होता. हे म्हणजे नवी दमदार मोटार आणून गंजलेल्या अर्ध्या इंची पाइपाने गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवण्यासारखे आहे. ऑल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत 10 स्क्वेअर एमएमची थेट वायर टाकावी, तिच्या टोकांना लग (बोल्टखाली बसणारी धातूची टोके) नीट दाबून क्रिंप करावेत आणि बॅटरीजवळ योग्य क्षमतेचा फ्यूज द्यावा. हेडलाइटचा करंट स्विचमधून न नेता रिलेने, म्हणजे छोट्या करंटवर चालणाऱ्या वेगळ्या विजेच्या स्विचने द्यावा.

आता डायनमोच्या कैवाऱ्यांसाठी. इंजिन मंद चालत असताना डायनमो जवळपास काहीच देत नाही, हा त्याचा जन्मजात स्वभाव आहे. त्या काळात दिवे मंद होते, वाहतूक तुरळक होती, गाडी सिग्नलला तासन्‌तास खोळंबत नव्हती. 55 वॅटचे दोन दिवे नऊ अँपिअर घेतात, आणि आमच्यासारखे कोणी 100 वॅटचे बल्ब लावले असतील तर सोळा-सतरा. त्यात ब्लोअर आणि वायपर धरले की डायनमो सिग्नलवर हरणारच. कंपनीचे इंजिनिअर हुशार होते, यात शंका नाही, पण त्यांनी त्या काळच्या गाडीचा हिशेब केला होता. बदल करणे हा गुन्हा नव्हे. भार वाढवून वायरिंग तेच ठेवणे हा गुन्हा आहे. बंधूंना हे सर्व आकडे मी वहीत मांडून दाखवले, त्यावर त्यांनी “मग आधी का नाही तपासले त्या इलेक्ट्रिशियनने?” एवढेच विचारले, आणि तो प्रश्न मात्र अगदी रास्त आहे.

काही गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. इंजिन चालू असताना बॅटरीचा टर्मिनल काढून ‘चार्जिंग येते का’ हे पाहण्याची जुनी पद्धत डायनमोच्या जमान्यातली आहे. ऑल्टरनेटरवर ती वापरली तर डायोड आणि रेग्युलेटर जळू शकतात, म्हणून तसे करू पाहणाऱ्याला थांबवा. डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या लाल दिव्याचा बल्ब उडाला असेल किंवा त्या जागी एलईडी लावला असेल, तर अनेक ऑल्टरनेटर सुरुवातीलाच जागे होत नाहीत, कारण त्यांना पहिला करंट त्याच बल्बातून मिळतो. ऑल्टरनेटर फिरवणारा पट्टा सैल नाही ना, हेही पाहा. तपासणीपूर्वी बॅटरी दुकानातून पूर्ण चार्ज करून आणा. सतत अर्धवट चार्ज राहिलेली बॅटरी आतून सल्फेट धरून कायमची निकामी होते, आणि तुमच्या दोन बॅटऱ्या बहुधा अशाच गेल्या असाव्यात, त्यात बनवणाऱ्याचा दोष नसेल. ऑल्टरनेटरच्या मुख्य टर्मिनलवर इंजिन बंद असतानाही बॅटरीचा पूर्ण दाब असतो, म्हणून पाना लावण्याआधी बॅटरीची मायनस वायर काढा.

एक अपवाद मान्य करतो. गाडीत कोणताही जादा भार नसेल आणि ती केवळ व्हिंटेज मेळाव्यात मूळ रूपात दाखवायची असेल, तर डायनमो ठेवायला माझी हरकत नाही. तुमच्या गाडीत एसी आहे की नाही, हे प्रश्नात लिहिलेले नाही. असेल, तर कंडेन्सरच्या पंख्याची वायर बॅटरीवरून वेगळ्या फ्यूजने आणि रिलेने घेतलेली आहे का, हे अर्थच्या पट्टीनंतर लगेच पाहून घ्या.