कोळंबीच्या ट्रॉलरमुळे गळाला लागणारे मासे कमी होतात का?

ट्रॉलर फिरून गेला की एक-दोन दिवस गळाला काही लागत नाही, म्हणजे मासे त्यानेच ओढून नेले का, असं तुम्ही विचारलंय. नुकसान होतं, पण ते त्या दोन दिवसांत दिसणारं नाही. ज्या मापाच्या माशासाठी तुम्ही गळ टाकता, तो कोळंबीच्या जाळ्यात फारसा सापडत नाही. हे जाळं ताशी दोन-तीन सागरी मैल वेगाने तळाशी ओढतात आणि अंगात ताकद असलेला मोठा मासा त्याच्या पुढून निसटतो. सापडतात ती त्याची पिल्लं.

याचं कारण जाळ्याच्या रचनेत आहे. दोन्ही बाजूंच्या फळ्या जाळ्याचं तोंड फाकवून धरतात, पुढची साखळी चिखल खरवडते, कोळंबी दचकून वर उडते आणि मागच्या खोल्यात (जाळ्याच्या शेपटाकडच्या पिशवीत) जाऊन पडते. कोळंबीच लहान, म्हणून खोल्याची आसही (जाळ्याचं एकेक भोक) लहान ठेवावी लागते, ताणून मोजली तर ४० मिलिमीटरच्या आसपास. त्यातही गोम अशी, की नेहमीची आस तिरपी असते. जाळं भरून ताण आला की ती मिटत जाते आणि कागदावरच्या ४० मिलिमीटरमधून बोटभर पिल्लूही बाहेर पडत नाही. चौकोनी आस ताणाखाली उघडी राहते, म्हणून नियमांमध्ये तिच्यावर भर असतो.

कोळंबी आणि बरेचसे किनारी मासे लहानपणी एकाच खाडीत, एकाच मऊ तळावर वाढतात. त्यामुळे कोळंबी निवडून धरणं मुळातच अवघड. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या २००५ च्या अंदाजात समुद्रात परत फेकल्या जाणाऱ्या मासळीचा चौथ्या हिश्श्याहून जास्त भाग एकट्या कोळंबी-ट्रॉलिंगचा होता. परत फेकलेलं पिल्लू जगतं, अशी समजूत असेल तर सोडा. तास-दोन तास खोल्यात चेपलेलं, मग डेकवरच्या उन्हात निवडणी होईपर्यंत पडलेलं पिल्लू बहुतेक वेळा मेलेलंच असतं. फटका दिसतो तो एक ते तीन वर्षांनी, ती पिढी गळाच्या मापाची व्हायला हवी तेव्हा.

पण सगळ्या जातींना हा हिशेब सारखा लागू नाही. मेक्सिकोच्या आखातातला रेड स्नॅपर (आपल्या तांबोशीच्या कुळातला) पहिलं वर्ष-दीड वर्ष वाळू-शिंपल्यांच्या उघड्या तळावर काढतो आणि नेमका तिथेच ट्रॉल फिरतो. म्हणून २००८ पासून तिथल्या ठरावीक खोलीच्या पट्ट्यात कोळंबीच्या मासेमारीवर मर्यादा आली: २००१ ते २००३ च्या सरासरीपेक्षा ७४ टक्के कमी. पुढे अभ्यासात दिसलं की ही पिल्लं एरवीही फार मोठ्या संख्येने मरतात. जाळ्यातून वाचलेलं प्रत्येक पिल्लू मोठं होतंच असं नाही, तेव्हा ती मर्यादा टप्प्याटप्प्याने सैल केली. दुसरीकडे अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाच्या पॅमलिको साउंड या खाडीत, म्हणजे थेट पिल्लांच्या पाळण्यातच, ट्रॉल चालतात आणि क्रोकर, स्पॉट, वीकफिश ही ढोम्याच्या जातकुळीतली पिल्लं त्यात येतात. गळवाले आणि कोळंबीवाले यांचा तिथला वाद अजून मिटलेला नाही. म्हणून भांडायच्या आधी तुमचा मासा कोणता आणि लहानपणी तो कुठे राहतो, हे बघा.

आता तुमचे ते दोन दिवस. उठलेला गाळ खाली बसेपर्यंत नजरेने शिकार करणारे मासे खात नाहीत किंवा गढूळ पट्ट्याच्या कडेला सरकतात. शिवाय बोटीने फेकलेली मासळी खाऊन त्यांची पोटं भरलेली असतात. तेव्हा गढूळ आणि स्वच्छ पाण्याच्या सीमेवर स्वच्छ बाजूने टाका, किंवा वासावर येणाऱ्या माशांसाठी कापलेलं आमिष तळाशी सोडा. चिखलाचा तळ त्या मानाने लवकर सावरतो. स्पंज, प्रवाळ किंवा समुद्री गवताचा तळ एकदा खरवडला की वर्षं जातात, आणि हे मला पिल्लांइतकंच गंभीर वाटतं.

फायदाही घेता येतो. कोळंबीवाले खडकाळ जागा टाळतात, कारण जाळं फाटतं. जाळं अडकलेल्या ठिकाणांच्या त्यांच्या जुन्या नोंदी मिळाल्या तर सोडू नका. तिथे खडक किंवा बुडालेलं काहीतरी असतं, आणि मोठा मासा तिथेच थांबतो. रात्रभर ओढून सकाळी नांगरलेल्या बोटीमागे निवडणीतली मासळी पडते, तिथे कोबिया, कुपा, मुशी जमतात. फेकतात त्याच मासळीचा तुकडा गळाला लावून वजनाशिवाय, तिच्यासोबत बुडू द्या. मात्र आधी रेडिओवर विचारा, आणि जाळी पाण्यात असताना मागून आडवे जाऊ नका: जाळं ओढणाऱ्या तारा पाण्याखाली लांबवर तिरक्या गेलेल्या असतात.

मागणी करायची असेल तर नेमकी करा. कासव सुटावं म्हणून जाळ्यात बसवलेल्या गजांच्या जाळीवर समाधान मानू नका. अमेरिकी नियमात तिच्या गजांमधलं अंतर १० सेंटिमीटरपर्यंत चालतं. त्यातून कासव, पाकट, मोठे मासे बाहेर जातात, पिल्लं सरळ खोल्यात. पिल्लांसाठी खोल्याच्या वरच्या बाजूला लोखंडी चौकटीचं वेगळं भोक लागतं. ते फार पुढे बसवलं तर पिल्लं तिथवर पोहत येऊ शकत नाहीत. फार मागे बसवलं तर जाळं वर घेताना कोळंबीच सांडते, आणि मग खलाशी ते गुपचूप शिवून टाकतात. त्यामुळे भोक आहे का एवढंच तपासून भागत नाही, ते कुठे आहे आणि उघडं आहे का हे धक्क्यावर बघावं लागतं. त्याच्या जोडीला पिल्लांच्या हंगामात खाडीचं तोंड बंद ठेवणं आणि ओढण्याची वेळ कमी करणं, या दोन गोष्टी मागा. सरसकट बंदीपेक्षा या मागण्यांवर कोळंबीवाल्यांशीही बोलता येतं, कारण निवडणीचा कचरा त्यांनाही नकोच असतो.